गेटफाइलकॉन कोणाचं? सुरक्षा-संदर्भाची फंक्शन्स दोन-तीन प्रकल्पांत सामाईक करताना

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मला दोन वर्षांपूर्वी बोलावणं आलं होतं. परदेशी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कॅटलॉग वेबवर "दिसंना झालाय", एवढीच तक्रार. फाइल जागेवर होती, परवानग्या बरोबर होत्या, मालकी बरोबर होती. फक्त ती कुणीतरी आपल्या होम फोल्डरमध्ये बनवून एमव्ही कमांडनं वेब सर्व्हरच्या फोल्डरात सरकवली होती. एलएसला मोठ्या झेडचा पर्याय देऊन पाहिलं, तर फाइलच्या अंगावर अजून घरचंच लेबल (सुरक्षा-संदर्भ म्हणतात तो हाच): यूजर-होम-टी. वेब सर्व्हरला लागतं एचटीटीपीडी-सिस-कंटेंट-टी. जागेला शोभणारं लेबल परत लावणारं रिस्टोरकॉन चालवलं आणि चहा यायच्या आत पान उघडलं. माझ्या आधी येऊन गेलेल्या माणसानं "एसई-लिनक्स बंद करा", म्हणजे ही लेबलं बघून परवानगी देणारी सुरक्षा-व्यवस्थाच बंद करा, असा उपाय सुचवला होता. दरवाजाचं कुलूप अडतंय म्हणून दरवाजाच काढून ठेवा, त्यातला प्रकार.

जुळे सोलापुरात दर रविवारी माझ्याकडे चार-पाच इंजिनिअरिंगची पोरं येतात. ओपन सोर्समध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कसा द्यायचा, हे शिकायला. त्यांना हा किस्सा सांगितल्यावर आम्ही एलएसचं कोड उघडलं, मग फाइंडचं, मग टारचं. तासाभरानं एक मुलगी म्हणाली, "दादा, तिन्हीकडं तेच चाललंय की. फाइलचं लेबल विचारायचं, नाही मिळालं तर काय करायचं ते ठरवायचं. मग तीनदा कशाला लिहायचं?" तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख लिहिलाय. अशी फंक्शन्स सामाईक जागी कशी नेतात, आणि नवख्या माणसानं त्यात हात घालायचा तर कुठून सुरुवात करायची, ते क्रमानं सांगतो.

एक खुलासा आधीच. कमांडची आणि फंक्शनची नावं इथे बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची, हे सांगायला नको.

आधी मशीन नीट करा

बहुतेकांच्या लॅपटॉपवर उबुंटू असतं. उबुंटूवर मूळचं ॲपआर्मर चालतं आणि ते फाइलच्या पाथवरून नियम लावतं. फाइलच्या अंगावर लेबल चिकटवत नाही. आपल्याला लेबलं हवीत, म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये फेडोरा टाका. तिथे एसई-लिनक्स सुरुवातीपासून एन्फोर्सिंग मोडमध्ये (नियम मोडला की अडवणाऱ्या) असतं; गेटएन्फोर्स कमांडनं खात्री करून घ्या. उबुंटू मात्र पुसू नका. चाचणीच्या पायरीत त्याची गरज पडणार आहे.

मग जीसीसी, गिट, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, गेटटेक्स्ट, जीपर्फ, टेक्सइन्फो आणि लिबएसईलिनक्सचं डेव्हलपमेंट पॅकेज घ्या. कोअरयुटिल्सच्या (एलएस, सीपी, एमव्ही ज्यात येतात तो प्रकल्प) सोर्समध्ये रीडमी-प्रीरेक नावाची फाइल आहे, तिच्यात पूर्ण यादी मिळते. पोरं ती वाचत नाहीत आणि सोर्स बांधणीसाठी तयार करणारी बूटस्ट्रॅपची स्क्रिप्ट तिसऱ्यांदा पडली की मला फोन करतात.

ग्नूलिबचं, म्हणजे अशा प्रकल्पांच्या सामाईक सी कोडचं, भांडार मोठं आहे. कोअरयुटिल्स, फाइंडयुटिल्स आणि टार या तिघांनाही ते लागतं, आणि प्रत्येकासाठी वेगळं उतरवत बसलात तर मे महिन्यात दुपारची लाइट जायच्या आत ते होणार नाही. एकदाच क्लोन करा आणि बूटस्ट्रॅपला ग्नूलिब-एसआरसीडीआर या पर्यायानं तोच फोल्डर दाखवा.

लेबल हातानं खेळवून बघा

कोडला हात लावण्याआधी अर्धा तास हे करा. टेम्प फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवा आणि तिचं लेबल बघा. चार तुकडे दिसतील, कोलननं जोडलेले: वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी. उदाहरणार्थ अनकन्फाइन्ड-यू, ऑब्जेक्ट-आर, यूजर-टेम्प-टी, एस-शून्य. रोजच्या कामात तिसरा तुकडाच बघायचा. हे सगळं फाइलच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, सिक्युरिटी-डॉट-एसईलिनक्स या नावाखाली साधी अक्षरमाला म्हणून बसलेलं असतं. एलएसच्या लांब यादीत परवानग्यांच्या दहा अक्षरांनंतर जो बारीकसा टिंब दिसतो, तो याचीच खूण. वर्षानुवर्षं तो टिंब बघून कुणाला प्रश्न पडत नाही, याची मला गंमत वाटते.

आता तीच फाइल सीपीनं होममध्ये न्या: नवी फाइल बनते, तिला होमचं लेबल मिळतं. दुसरी फाइल एमव्हीनं न्या: ती जुनंच लेबल घेऊन येते. टॉवेलवाल्यांच्या ऑफिसात हेच झालं होतं. कोअरयुटिल्स ८.२२ पासून, म्हणजे २०१३ पासून, एमव्हीलाही मोठ्या झेडचा पर्याय आहे. तो दिला की मुक्कामाच्या जागेला साजेसं लेबल लागतं.

मग फाइंडला कॉन्टेक्स्ट हा पर्याय देऊन टेम्पच्या लेबलाच्या फाइली शोधा. पॅटर्न पूर्ण लेबलाला जुळावा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना तारांकन द्या आणि पॅटर्न अवतरणात ठेवा. शेवटी टारला एसईलिनक्स पर्याय देऊन एक पुडकं बांधा आणि दुसरीकडे सोडा. टारमध्ये ही सोय १.२७ आवृत्तीत, २०१३ साली आली.

एवढं केलंत की तीन कमांडना कर्नलला एकच प्रश्न विचारताना तुम्ही पाहिलेलं असतं. शिवाय मजकूर बदलणाऱ्या सेडला जागच्या जागी बदल करायला सांगितलं, तर तोही खरं म्हणजे नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतो. त्यामुळे जुनीचं लेबल नवीवर न्यायची जबाबदारी त्याच्यावरही येते. म्हणजे गिऱ्हाइकं तीन नाहीत, चार झाली.

फंक्शनचं कुटुंब ओळखून घ्या

एसई-लिनक्स अमेरिकेच्या एनएसएनं २००० च्या डिसेंबरमध्ये खुलं केलं आणि २००३ मध्ये ते कर्नल २.६ मध्ये मुख्य धारेत आलं. त्याच्याशी बोलायची लायब्ररी म्हणजे लिबएसईलिनक्स. तिच्यात लेबल वाचायला तीन भावंडं आहेत. गेटफाइलकॉन सिम्लिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) मागे जाऊन खऱ्या फाइलचं लेबल देतं. एलगेटफाइलकॉन सिम्लिंकचंच देतं. एफगेटफाइलकॉनला नाव नको, उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर, म्हणजे कर्नलनं तिला दिलेला आकडा, पुरतो. लिहिण्यासाठी अशीच सेटवाली तीन. वाचलेली अक्षरमाला काम झाल्यावर फ्रीकॉननं सोडायची. फाइंड लाखो फाइलींवरून फिरतो, तेव्हा एक विसरलेला फ्रीकॉन किती मेमरी खातो ते व्हॅलग्रिंड (मेमरीची गळती शोधणारं साधन) लावून एकदा बघाच.

खरी अडचण चौथ्या भावंडाची, जे लिबएसईलिनक्समध्ये नाहीच. फाइंड आणि टार फोल्डरच्या झाडावरून चालताना पूर्ण पाथ धरून चालत नाहीत. चालता चालता मधला एखादा फोल्डर कुणी बदलून तिथे सिम्लिंक ठेवली, तर पूर्ण पाथ भलतीकडेच नेईल. म्हणून ती फोल्डर उघडून त्याचा डिस्क्रिप्टर हातात ठेवतात आणि "या फोल्डरातली अमुक फाइल" असं विचारतात. ओपनॲट, अनलिंकॲट ही फंक्शन्स त्याचसाठी. पण "या फोल्डरातल्या अमुक फाइलचं लेबल" विचारायचं तर? कर्नलमध्ये तशी थेट सोय, गेटएक्सॲट्रॲट, थेट ६.१३ मध्ये, २०२५ च्या जानेवारीत आली. त्याआधीची सगळी वर्षं लोकांनी जुगाडावर काढली.

तो जुगाड ग्नूलिबच्या एसईलिनक्स-ॲट या मॉड्यूलमध्ये आहे. गेटफाइलकॉनॲट, एलगेटफाइलकॉनॲट आणि त्यांची सेटवाली जोडी. आत काय होतं? आधी प्रॉक फोल्डरातल्या सेल्फ-एफडी या जागेतून, डिस्क्रिप्टरचा आकडा घालून एक पाथ बनवला जातो आणि साधं गेटफाइलकॉन त्यावर चालवलं जातं. प्रॉक नसेल किंवा तो मार्ग चालला नाही, तर सध्याचा फोल्डर लक्षात ठेवायचा, एफसीएचडीआयआरनं त्या फोल्डरात जायचं, काम करायचं आणि परत यायचं. हा दुसरा मार्ग अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये धोक्याचा आहे, कारण सध्याचा फोल्डर सगळ्या थ्रेडचा मिळून एकच असतो. तेव्हा "आपणही हेच वापरू" म्हणण्याआधी आपला प्रोग्रॅम एकथ्रेडी आहे का, ते विचारा.

नवख्याला इथे हमखास लागणारी ठेच सांगून ठेवतो. गेटफाइलकॉनॲट हे नाव ग्रेपनं शोधलंत तर घोषणा सापडते, पण फंक्शनचं शरीर कुठेच सापडत नाही. एसईलिनक्स-ॲटच्या सी फाइलमध्ये फक्त काही डिफाइन असतात: फंक्शनचं नाव अमुक, आतून बोलवायचं ते अमुक, जादा आर्ग्युमेंट अमुक. आणि खाली ॲट-फंक या सी फाइलचा इन्क्लूड. मग सगळे डिफाइन पुसून पुन्हा तेच, पुढच्या फंक्शनसाठी. एकच साचा, त्यात नाव बदलून कापड काढायचं. जॅकार्डच्या मागावर पंचकार्डांची माळ बदलली की तोच माग वेगळी चादर विणतो, हे ज्यानं अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत पाहिलंय, त्याला हे समजायला दोन मिनिटं लागतात. एमकेडीआयआरॲटसारखी इतर ॲटवाली फंक्शन्ससुद्धा याच साच्यातून निघतात. गोंधळ उडाला तर जीसीसीला मोठ्या ई-चा पर्याय देऊन प्रीप्रोसेसरचं आउटपुट वाचा, उलगडलेलं फंक्शन समोर येतं.

अपयशाचा अर्थ एक करा

मला विचाराल तर सगळं काम इथेच आहे. बाकी फाइली हलवणं हमालीचं.

लेबल मिळालं तर काय करायचं यावर कुणाचा वाद नसतो. मिळालं नाही तर काय, यावर प्रत्येक कमांडचं मत वेगळं. एलएस लेबलाच्या जागी प्रश्नचिन्ह छापून पुढे जातो. सीपीला तुम्ही "संदर्भ जपच" असं स्पष्ट सांगितलं असेल, तर जमलं नाही की तो बोंब मारतो आणि अपयशाचा एक्झिट कोड देतो. पण नुसता छोट्या ए-चा पर्याय दिला असेल तर गप्प राहतो, कारण तिथे लेबल जपणं हे "जमलं तर" या खात्यात आहे. फाइंडला ती फाइल जुळली नाही असं धरून पुढचं झाड फिरायचं असतं. सीपी या एकाच कमांडची जर दोन मतं असतील, तर सामाईक फंक्शननं कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही. सामाईक फंक्शननं छापायचं नाही, बाहेर पडायचं नाही, भाषांतरित संदेश द्यायचे नाहीत. उणे एक परत करायचं, एररनो या अपयशाच्या क्रमांकाच्या जागेत कारण ठेवायचं आणि गप्प बसायचं. काय बोलायचं ते बोलावणाऱ्यानं ठरवावं. नवखे लोक आपल्या प्रकल्पातलं फंक्शन उचलून नेतात तेव्हा त्यात एररची ओळ तशीच राहते, आणि परीक्षण करणारा पहिलं बोट तिथेच ठेवतो.

पण एररनोमधलं कारण खरं असायला हवं, आणि त्यासाठी ग्नूलिबच्या गेटफाइलकॉन या छोट्या सी फाइलकडे बघा. मूळ फंक्शन यशस्वी झालं की लेबलाची लांबी परत देतं. काही फाइलसिस्टिमवर मात्र ते शून्य परत द्यायचं, म्हणजे "यशस्वी, पण लेबल काहीच नाही". काही ठिकाणी दहा परत द्यायचं आणि लेबल म्हणून "अनलेबल्ड" हा शब्द. इंग्रजीत त्याची नऊ अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट मिळून दहा. बोलावणाऱ्याला वाटायचं की लेबल मिळालं. ग्नूलिबचं वेष्टण या दोन्ही प्रकारांना अपयश ठरवतं: शून्य आलं तर ईनॉटसप, म्हणजे इथे सोयच नाही, "अनलेबल्ड" आलं तर ती अक्षरमाला फ्रीकॉननं सोडून ईनोडेटा, म्हणजे सोय आहे पण माहिती नाही. चार-सहा ओळींचं काम, पण ते नसेल तर प्रत्येक कमांडनं स्वतःच्या अंगणात हीच तपासणी लिहायची, आणि एकानं शून्याची विसरायची, दुसऱ्यानं दहाची.

तुम्ही जे फंक्शन सामाईक करणार आहात, त्यासाठी कागद घ्या आणि असे सगळे निकाल लिहून काढा. प्रत्येकापुढे एकच एररनो. हा कागद पूर्ण होत नाही तोवर एडिटर उघडू नका.

अजून एक. सेटएफएसक्रिएटकॉन हे फंक्शन "यापुढे मी जी फाइल बनवीन तिला हे लेबल" असं कर्नलला आधीच सांगून ठेवतं. फाइल आधी बनवून मग लेबल लावलं, तर मधल्या क्षणात ती चुकीच्या लेबलानं उघडी पडते. ते टाळायला हे चांगलं. पण ही सेटिंग तशीच राहते. सामाईक फंक्शननं ती लावली आणि परत जाताना काढली नाही, तर पुढची प्रत्येक फाइल भलत्याच लेबलानं जन्मते. अपयशाच्या वाटेवरही ती काढली जातेय ना, ते तपासा.

मॉड्यूल बनवा

ग्नूलिब ही सिस्टिमवर बसवायची लायब्ररी नाही. ग्नूलिब-टूल नावाची स्क्रिप्ट हवं ते सोर्स उचलून तुमच्या प्रकल्पात आणून ठेवते. कुठली मॉड्यूल्स हवीत, ते प्रकल्पाच्या बूटस्ट्रॅप-डॉट-कॉन्फ या फाइलमध्ये लिहितात. नवं मॉड्यूल म्हणजे सी फाइल, हेडर आणि मॉड्यूल्स फोल्डरातली एक वर्णनाची फाइल: काय करतं, कुठल्या फाइली, कोणावर अवलंबून, लायसन्स कुठलं, सांभाळणार कोण. आधीच्या मॉड्यूलची फाइल समोर ठेवून लिहा, त्यात लाज नाही.

ज्या मशीनवर एसई-लिनक्सच नाही, तिथलं काय? एसईलिनक्स-एच हे मॉड्यूल तिथे नकली हेडर देतं. त्यात तीच फंक्शन्स असतात, पण उणे एक आणि ईनॉटसप परत करण्यापलीकडे काही करत नाहीत. त्यामुळे बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये इफ-डेफची ("ही सोय असेल तरच हा कोड घे" अशा अटींची) जंगलं उगवत नाहीत. तुमच्या सी फाइलमध्ये इफ-डेफ लिहावंसं वाटलं, तर ते या हेडरात जाईल का, हे आधी बघा.

लायसन्सची ओळ नजरेआड करू नका. लिबएसईलिनक्स पब्लिक डोमेनमध्ये आहे, कोअरयुटिल्स, फाइंडयुटिल्स आणि टार जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. त्यांच्यातल्या त्यांच्यात अडचण येत नाही. पण ज्या प्रकल्पाला एलजीपीएल, म्हणजे जीपीएलपेक्षा सैल लायसन्स, हवं, त्यानं जीपीएल मॉड्यूल मागितलं तर ग्नूलिब-टूल तिथेच अडवतं.

आणि सगळंच उचलू नका. कोअरयुटिल्सच्या सोर्समध्ये डिफॉल्टकॉन, रिस्टोरकॉन अशी फंक्शन्स आहेत, जी पॉलिसीला (एसई-लिनक्सच्या नियमांच्या संचाला) विचारून "या पाथला कुठलं लेबल शोभतं" ते ठरवतात. सीपी, एमव्ही, इन्स्टॉल, एमकेडीआयआर त्यांचा वापर करतात, पण ही सगळी एकाच घरातली. दुसऱ्या घरातून मागणी येईपर्यंत ती आहेत तिथे बरी आहेत, असं माझं मत. मागणी नसताना सामाईक केलेलं कोड म्हणजे सोसायटीतला सामाईक नळ: सगळ्यांचा, म्हणून कुणीच वॉशर बदलत नाही.

चाचणी, आणि माझी फजिती

माझा पहिला पॅच मी उबुंटूवर तपासला होता. मेक-चेक चालवलं, एकही लाल ओळ नाही. खुशीत पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की फेडोरावर पॅच कंपाइल होतो आणि पहिल्याच चाचणीत पडतो. मग मी लॉग नीट वाचला. एसई-लिनक्सच्या सगळ्या चाचण्यांपुढे स्किप लिहिलेलं होतं. अशा चाचण्या सुरुवातीलाच रिक्वायर-एसईलिनक्स म्हणून तपासतात आणि मशीनवर सोय नसेल तर ७७ हा एक्झिट कोड देऊन निघून जातात. ऑटोमेकच्या हिशेबात ७७ म्हणजे ना पास, ना नापास. तेव्हा पासचा आकडा बघायच्या आधी स्किपचा बघा.

फेडोरावर एन्फोर्सिंग आणि परमिसिव्ह (न अडवता फक्त नोंद करणारा) दोन्ही मोडमध्ये चालवा. उबुंटूवर कॉन्फिगरला विदाउट-एसईलिनक्स देऊन पुन्हा बांधा; नकली हेडर नीट बसतंय का, ते इथेच कळतं. निव्वळ मॉड्यूल तपासायचं तर ग्नूलिब-टूलच्या क्रिएट-टेस्टडीआयआर पर्यायानं वेगळा छोटा प्रकल्प बनवून घ्या, अख्खं कोअरयुटिल्स बांधायची गरज नाही.

शिवाय एक साधा पेनड्राइव्ह घ्या, फॅट फॉरमॅटवाला, लग्नाचे फोटो असतात तसला. फेडोरावर लावून एलएसनं लेबल बघा: प्रत्येक फाइलला डॉसएफएस-टी दिसेल. आता सीएचकॉननं ते बदलून बघा, नकार मिळेल. फॅटमध्ये एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट ठेवायला जागाच नाही. दिसतं ते लेबल कर्नलनं पूर्ण फाइलसिस्टिमला मिळून दिलेलं. म्हणजे वाचणं यशस्वी आणि लिहिणं अयशस्वी, एकाच फाइलवर. "वाचता आलं, म्हणजे लिहिताही येईल" असं तुमचं फंक्शन कुठे गृहीत धरत असेल, तर ते इथे उघडं पडतं.

पाठवण्याचा क्रम

कोड लिहिण्याआधी दोन्ही प्रकल्पांच्या सांभाळणाऱ्यांना छोटं पत्र लिहा: हे फंक्शन तुमच्याकडेही आहे, त्यांच्याकडेही आहे, फरक असा असा, सामाईक केलं तर चालेल का? सोबत तो निकालांचा कागद टाईप करून जोडा. "फरक असा असा" हा भाग लिहिला नाही तर उत्तर यायला वेळ लागतो.

होकार आला की आधी ग्नूलिबमध्ये पॅच, त्याच्या चेंजलॉगच्या नोंदीसकट. तो आत गेला की मगच प्रत्येक प्रकल्पात ग्नूलिबचा सबमॉड्यूल पुढे सरकवायचा एक कमिट, आणि जुनी प्रत काढून नव्या मॉड्यूलचं नाव टाकायचा दुसरा. दोन्ही एकत्र केलेत तर उद्या काही बिघडलं की बिघाडाचा कमिट शोधणाऱ्या गिट-बायसेक्टला नेमकं बोट दाखवता येत नाही.

कागदपत्रांचं मात्र पहिल्याच दिवशी सुरू करा. साधारण १५ ओळींच्या वर भर घालायची असेल, तर या प्रकल्पांत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला कॉपीराइट सुपूर्द करणारी सही लागते. नोकरीत असाल तर कंपनीकडूनही आपला हक्क नाही असं लिहून घ्यावं लागू शकतं. त्या कागदाला दोन दिवस लागतील की दोन महिने, ते तुमच्या एचआरवर.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं पहिल्या खेपेला फंक्शनला हात लावला नाही. पेनड्राइव्हवाली चाचणी तिनं लूप डिव्हाइसवर बसवली, म्हणजे एका साध्या फाइलमध्ये फॅट फॉरमॅट करून ती माउंट करायची. माउंटला रूट लागतो, म्हणून ती चाचणी रूटच्या यादीत टाकावी लागली. अकरा ओळी झाल्या, सहीची भानगडच आली नाही.